काम कोठे अडले आहे?

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून आणि अष्टमीला आळंदीहून पालख्या निघतात. दोन्ही पुण्यात येतात, मुक्काम करतात, आणि पुणेकरांच्या कित्येक पिढ्यांनी हा सोहळा डोळे भरून पाहिला आहे. त्यातील भक्तिभावाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील नियोजनाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. लाखो माणसे, शेकडो दिंड्या, त्यांचे सामानाचे ट्रक, पाण्याचे टँकर आणि राहुट्या एका ठरलेल्या क्रमाने चालत आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरी पोहोचतात. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम आधीच जाहीर झालेले असतात. कोणत्या दिंडीने कोणत्या क्रमांकावर चालावयाचे, दुपारचा विसावा कोठे, समाजआरती कोठे, हे सारे ठरलेले असते. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला जी शिस्त लावून दिली, ती आजही टिकून आहे. चोपदाराने चोप उंचावला की हजारोंचा समाज क्षणार्धात स्तब्ध होतो.

या वेळापत्रकातील एक तपशील विशेष अभ्यासण्यासारखा आहे. पंचांगात कधी तिथीची वृद्धी होते, कधी क्षय होतो. एखाद्या वर्षी एक दिवस जास्त मिळतो, एखाद्या वर्षी एक कमी पडतो. एकादशी तर पुढे ढकलता येत नाही. मग हा वाढलेला वा घटलेला वेळ सामावून कोठे घ्यावयाचा? माउलींच्या सोहळ्यात तो प्रामुख्याने लोणंदच्या मुक्कामी सामावला जातो. म्हणून लोणंदचा मुक्काम एखाद्या वर्षी छोटा असतो, तर एखाद्या वर्षी लांबतो. अंतिम तिथी अढळ, क्रम अढळ आणि अनिश्चिततेसाठी राखलेली जागा आधीच ठरलेली व सर्वांना ठाऊक असलेली. व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून प्रकल्प नियोजनाची जी सूत्रे शिकवली जातात, त्यांपैकी तीन सूत्रे वारकरी कोणतेही पुस्तक न उघडता पायी चालत पाळतात.

हीच पालखी ज्या शहरातून जाते, त्या शहराच्या वेळापत्रकाची अवस्था काय आहे? एक रस्ता जलवाहिनीसाठी खोदला जातो, बुजवला जातो, त्यावर डांबर पडते. पुढच्या महिन्यात दुसरे खाते केबलसाठी तोच रस्ता उकरते. भूमिपूजनाचा नारळ फुटतो, कोनशिला बसते, आणि मग त्या जागेचा ताबाच मिळालेला नाही असे निष्पन्न होते. पुणेकर यावर विनोद करतो आणि पुढे जातो. परंतु विनोदाने पैसा परत येत नाही, आणि आयुष्याची वाहतूक कोंडीत गेलेली वर्षे तर नाहीच नाही. म्हणून या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहण्याची गरज आहे.

प्रकल्पाचे नियोजन म्हणजे तारखांची यादी, असा एक मोठा गैरसमज आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री गॅन्ट या अमेरिकन अभियंत्याने कामांचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते रूढ केले. आजही प्रत्येक कारखान्याच्या आणि संगणक कंपनीच्या भिंतीवर वा पडद्यावर ते दिसतात. कोणते काम केव्हा सुरू होईल आणि केव्हा संपेल हे त्यातून दिसते. मात्र एक काम लांबले तर त्याच्या मागे असलेल्या कोणत्या कामांना धक्का बसेल, हे साध्या पट्ट्यांतून स्पष्ट होत नाही. ही उणीव १९५७-५८ च्या सुमारास भरून निघाली. ड्यूपाँ या रसायन कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ म्हणजे निर्णायक मार्गाची पद्धत विकसित झाली, आणि अमेरिकेच्या नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी ‘पर्ट’ ही पद्धत तयार झाली. दोन्हींचा गाभा एकच : प्रत्येक काम दुसऱ्या कोणत्या कामावर अवलंबून आहे हे आधी मांडा, आणि आरंभापासून शेवटापर्यंत जाणारी सर्वांत लांब साखळी शोधा. त्या साखळीतील काम एक दिवस लांबले की सारा प्रकल्प एक दिवस लांबतो. साखळीबाहेरील कामांना मात्र थोडी सवड असते. ती सवड संपेपर्यंत त्यांच्या उशिराने काहीही बिघडत नाही, आणि ती कितीही घाईने केली तरी काहीही साधत नाही.

हे शास्त्र कारखानदारांपुरते आहे असे कोणी समजू नये. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांतील जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाचा प्रश्न आज मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरात येऊन ठेपला आहे. समजा, एका सोसायटीत नकाशा मंजुरीचे काम आहे. सारे सुरळीत झाले तर दोन महिने, सामान्यतः चार महिने, आणि सारेच बिनसले तर बारा महिने लागतील असा जाणकारांचा अंदाज आहे. ‘पर्ट’ पद्धतीत सामान्य अंदाजाला चौपट वजन देऊन तिन्हींची सरासरी काढतात : दोन, सोळा आणि बारा मिळून तीस, त्याला सहाने भागले की पाच. म्हणजे ज्या कामाला सभेत ‘चार महिने’ म्हणून सांगितले जाते, त्याला नियोजनात पाच महिने धरावयास हवेत. दुसऱ्या बाजूस, सभासदांनी घरे रिकामी करण्यास दोन महिने आणि जुनी इमारत पाडण्यास एक महिना, असे तीन महिने लागतात. पायाचे काम या दोन्ही साखळ्या पूर्ण झाल्यावरच सुरू होणार. येथे निर्णायक मार्ग मंजुरीचा आहे आणि घरे रिकामी करण्याच्या साखळीला दोन महिन्यांची सवड आहे.

आता नेमके काय घडते? ‘काम सुरू झाले’ असे दिसावे म्हणून पहिल्याच महिन्यापासून सभासदांना घरे सोडावयास लावली जातात. सत्तरी ओलांडलेली माणसे तीस वर्षांचा संसार टेम्पोत भरून भाड्याच्या घरात जातात. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस इमारत जमीनदोस्त होते, आणि मंजुरी यावयाची असते म्हणून जागा पत्र्याच्या कुंपणात पडून राहते. दोन महिन्यांचे भाडे फुकट जाते. मंजुरी आणखी रखडली तर विकसकाकडून येणारे भाड्याचे धनादेश थांबू लागतात, आणि ज्येष्ठांना आपल्या हक्काच्या घरात परत जाता येईल की नाही याची चिंता लागते. सभासदांनी केलेल्या घाईने प्रकल्प एका दिवसानेही अलीकडे आलेला नसतो. हालचाल आणि प्रगती यांतील फरक न समजल्याची ही किंमत आहे, आणि ती नेहमी ज्याच्या हाती निर्णय नसतो त्याच्या पदरात पडते.

हाच फरक शहराच्या पातळीवर तपासून पाहावा. पुण्याच्या मेट्रोचा सविस्तर प्रकल्प अहवाल दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनने २००९ मध्ये सादर केला. केंद्रीय मंत्रिमंडळाची अंतिम मान्यता मिळाली डिसेंबर २०१६ मध्ये. त्याच महिन्याच्या २४ तारखेला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. पहिली प्रवासी गाडी ६ मार्च २०२२ रोजी धावली, आणि जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. मुठा नदीखालून, बुधवार पेठ आणि मंडईच्या दाट वस्तीखालून भुयार खणणे हे अभियांत्रिकीच्या दृष्टीने अवघड काम. त्यात महामारीची दोन वर्षे गेली. तरीही हिशेब मांडला तर काय दिसते? भूमिपूजनापासून पहिली गाडी धावेपर्यंत पाच वर्षे आणि काही आठवडे लागले. अहवालापासून मान्यतेपर्यंत मात्र सात वर्षे गेली. मार्ग उन्नत असावा की भुयारी, खर्चाचा वाटा कोणाचा, यावर चर्चा होत राहिली. चर्चा आवश्यकच होती. मात्र ती कोणत्या तारखेपर्यंत संपवावयाची, हे कोणीही ठरवले नव्हते. भुयार खणण्यास वेळ लागतो हे सर्वांना समजते. निर्णय घेण्यासही वेळ लागतो आणि तोही वेळापत्रकात मांडावा लागतो, हे मात्र कोणाच्या गावी नसते.

शहराच्या विकास आराखड्याची कथा याहून बोलकी आहे. जुन्या हद्दीसाठी २००७ ते २०२७ या वीस वर्षांचा आराखडा तयार व्हावयाचा होता. त्याला राज्य शासनाची मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. वीस वर्षांच्या आराखड्याची पहिली दहा वर्षे तो आराखडा होण्यातच संपली. दरम्यान शहर कोणासाठी थांबले नाही. ज्या जागांवर शाळा, उद्याने आणि रस्ते आखले जावयाचे होते, त्यांच्या अवतीभवती वस्ती वाढतच गेली. १९८७ च्या आराखड्यात दाखवलेला शहरांतर्गत वर्तुळाकार मार्ग तर पिढी उलटून गेली तरी कागदावरून जमिनीवर उतरला नाही. नियोजन हेच जर वेळापत्रकाशिवाय होत असेल, तर त्या नियोजनातून निघणाऱ्या कामांना वेळापत्रक कोठून मिळणार?

चांदणी चौकाचे उदाहरण पुणेकरांच्या चांगले स्मरणात आहे. तेथील बहुमजली उड्डाणपुलाचे भूमिपूजन ऑगस्ट २०१७ मध्ये झाले आणि लोकार्पण १२ ऑगस्ट २०२३ रोजी. मधल्या काळात जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे सुमारे सहाशे किलो स्फोटके वापरून पाडण्यात आला. त्याचे थेट प्रक्षेपण घरोघरी पाहिले गेले. परंतु या प्रकल्पाचा निर्णायक मार्ग तो पूल पाडण्यातून वा खांब उभारण्यातून जात नव्हता. तो भूसंपादनाच्या कागदांतून जात होता. जागा ताब्यात येईपर्यंत यंत्रे, मजूर आणि निधी यांपैकी कशाचाही उपयोग नव्हता. स्फोट सर्वांनी पाहिला. भूसंपादनाच्या फायली कोणी पाहिल्या नाहीत.

लोहगाव विमानतळाच्या नव्या टर्मिनलची गोष्ट उलट टोकाची आहे. १० मार्च २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. प्रत्यक्ष प्रवाशांसाठी ते खुले झाले १४ जुलै रोजी. इमारत उभी होती, पण सुरक्षा दलाचे पुरेसे मनुष्यबळ मिळून सारी व्यवस्था कार्यान्वित होण्यास मधले चार महिने गेले. बांधकाम पूर्ण होणे आणि प्रकल्प पूर्ण होणे यांत असे अंतर असते. बांधकामाच्या वेळापत्रकात माणसांच्या नेमणुकीची पट्टी नसेल, तर चकचकीत इमारत कुलूप लावून ठेवावी लागते. गावोगावच्या ग्रामीण रुग्णालयांच्या बांधून तयार पण डॉक्टरांविना ओस पडलेल्या इमारती हीच कथा सांगतात.

आणि विद्यापीठ चौकाचे काय? तेथील आणि जवळचा ई-स्क्वेअरसमोरचा असे दोन उड्डाणपूल २०२० च्या टाळेबंदीत पाडण्यात आले, कारण हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोसाठी दुमजली पुलाची गरज निर्माण झाली. ज्या पुलांनी कित्येक दशके सेवा द्यावयाची, ते अल्पावधीतच जमीनदोस्त झाले. पूल बांधताना पुढे मेट्रो येऊ शकते हा विचार झाला असता, तर एकच काम दोनदा करावे लागले नसते. एका खात्याचे वेळापत्रक दुसऱ्या खात्याने वाचलेले नसणे, हा आपल्या सार्वजनिक कामांचा जुना रोग आहे. सत्ता कोणाचीही असो, हा रोग पक्ष पाहून येत नाही.

उशिराविरुद्धचा हा सारा संताप रास्तच आहे. परंतु पुण्याला वेळापत्रकाचा दुसराही एक धडा मिळालेला आहे. तो अधिक भीषण आहे आणि त्याची आठवण नव्या पिढीत पुसट होत चालली आहे. १२ जुलै १९६१ हा तो दिवस.

आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण तेव्हा बांधून होत होते. मूळ वेळापत्रकानुसार ते १९६२ मध्ये पूर्ण व्हावयाचे होते. ते एक वर्ष आधीच वापरात आणून १९६१ च्या पावसाळ्यात पाणी साठवण्याचा निर्णय झाला. सुमारे ५१ मीटर उंचीची भिंत उभी राहत होती. भिंत दिसत होती, उंची दिसत होती. जे दिसत नव्हते ते धरणाच्या पोटात होते. पाणी सोडण्याच्या मार्गाच्या दरवाजांची उचलयंत्रणा पूर्ण झालेली नव्हती. धरणाच्या पोटातून जाणाऱ्या नळमार्गाच्या बांधकामात पोलादी सळयांचे बळकटीकरण नव्हते. त्या वर्षी पाऊस लवकर आणि मुसळधार आला. जलाशय पाहता पाहता भरला. अर्धवट उघडलेल्या दरवाजांतून पाणी धक्क्याधक्क्याने वाहू लागले, हादरे बसू लागले, नळमार्गावरची भिंत खचू लागली. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून भिंत सावरण्याची शर्थ केली. त्यांच्यामुळे काही मोलाचे तास मिळाले, आणि रात्रीऐवजी दिवसाउजेडी पाणी शहरात आले. अन्यथा झोपेतच किती जीव गेले असते याची कल्पना करवत नाही. सकाळी पानशेत फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही फुटले. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हजारो घरे कोसळली, आणि पाण्याखाली बुडालेल्या शहराला पुढे अनेक दिवस पिण्याचे पाणी मिळाले नाही. गोखलेनगर, सहकारनगर येथील पूरग्रस्तांच्या वसाहती त्या दिवसाच्या खुणा आजही बाळगून आहेत.

त्या दुर्घटनेची चौकशी झाली, जबाबदारीवर वाद झाले, आणि ते सारे इतिहासजमा झाले. नियोजनाच्या दृष्टीने त्यातील शिकवण मात्र आजही ताजी आहे. पाणी अडवणे हे काम पाणी सोडण्याची व्यवस्था पूर्ण होण्यावर अवलंबून होते. हे अवलंबित्व कोणाच्या इच्छेने ठरलेले नव्हते. ते निसर्गनियमाने ठरलेले होते. तारीख अलीकडे आणण्याचा अधिकार शासनाला असतो. परंतु कामांचा क्रम बदलण्याचा अधिकार कोणालाही नसतो. वेळापत्रक आवळावयाचे तर निर्णायक मार्गावरच्या कामात अधिक माणसे, अधिक साहित्य आणि अधिक पैसा घालून ते आवळता येते. एखादे काम ‘नंतर पाहू’ म्हणून वगळून ते आवळले, तर तो वेळेचा लाभ नव्हे. ते निसर्गाकडून घेतलेले कर्ज ठरते, आणि निसर्ग वसुलीला येताना सूचना देत नाही. आजही निवडणुकीची आचारसंहिता लागण्यापूर्वी फीत कापता यावी म्हणून कामे उरकली जातात, तेव्हा प्रत्येक अधिकाऱ्याने आणि लोकप्रतिनिधीने पानशेतचे स्मरण करावे.

उशीर नको आणि आंधळी घाईही नको, मग मार्ग कोणता? तो सांगणारी उदाहरणे महाराष्ट्राच्याच भूमीवर आहेत. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, सह्याद्रीच्या कड्याकपारी, खाड्या, नव्वदहून अधिक बोगदे आणि सुमारे दोन हजार लहानमोठे पूल. ई. श्रीधरन यांनी त्या प्रकल्पाची धुरा वाहिली. जागेचे संपादन, निर्णयाचे अधिकार कामाच्या ठिकाणीच असणे, आणि मुदतीला किती दिवस उरले आहेत हे दाखवणारी उलट मोजणीची घड्याळे, ही त्यांच्या कार्यपद्धतीची वैशिष्ट्ये पुढे दिल्ली मेट्रोमुळे देशाला परिचित झाली. पहिला अंदाज पाच वर्षांचा, म्हणजे १९९४ पर्यंतचा होता. मऊ मातीतील बोगद्यांनी, विशेषतः गोव्यातील पेडण्याच्या बोगद्याने, तो खोटा ठरवला. माती पुनःपुन्हा ढासळत राहिली, कामगारांचे बळी गेले. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. म्हणजे श्रीधरन यांच्यासारख्या कर्तबगार अभियंत्याचाही अंदाज चुकला. परंतु तो कोठे चुकला आणि का चुकला हे नेमके ठाऊक होते. उरलेले काम थांबले नाही. तयार झालेले टप्पे एकामागून एक वाहतुकीस खुले होत गेले. उशीर लपवणे आणि उशीर समजून घेणे यांत प्रशासनाचा सारा कस लागतो.

दुसरे उदाहरण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे. युती शासनाच्या काळात १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले. नितीन गडकरी तेव्हा सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. अवाच्या सवा वाटणारी खासगी निविदा नाकारून, महामंडळामार्फत निधी उभारून आणि काम टप्प्यांत विभागून ते एकाच वेळी अनेक ठिकाणी सुरू करण्यात आले. सुमारे ९५ किलोमीटरचा हा मार्ग टप्प्याटप्प्याने खुला होत २००२ मध्ये पूर्ण झाला. एका ठिकाणी घाटातील बोगद्याचे काम चालू असता दुसरीकडे मैदानी पट्ट्यातील काम अडून राहिले नाही. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही ती कामे एकामागून एक न करता एकाच वेळी करणे, एवढीच ती साधी युक्ती होती. पण त्यासाठी कोणाचा कोणाशी संबंध आहे हे आधी मांडावे लागते.

हे मांडण्याची सवय पुण्याला नाही असे म्हणता येणार नाही. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण येथील लहान कारखानदार मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवतात, तेव्हा दिवसाचेच नव्हे तर तासाचे गणित सांभाळतात. पुरवठा चुकला तर पुढची साखळी थांबते आणि त्याचा भुर्दंड त्यालाच बसतो. हिंजवडीत बसलेला पुण्याचा तरुण सातासमुद्रापारच्या बँकेचा प्रकल्प आठवड्याआठवड्याने मोजत पूर्णत्वास नेतो. गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते चतुर्थीची तारीख डोळ्यांसमोर ठेवून मागे मागे मोजत जातात : मूर्ती केव्हा सांगावयाची, परवाने केव्हा घ्यावयाचे, ढोलपथकांचा सराव केव्हा सुरू करावयाचा. चतुर्थी कोणाच्या विनंतीवरून पुढे जात नाही, म्हणून मंडप वेळेत उभा राहतो. कौशल्य या शहराच्या अंगी आहे. उणीव आहे ती बंधनाची. कारखानदाराला उशिराची किंमत मोजावी लागते. सार्वजनिक कामात ती किंमत उशीर करणारा मोजत नाही, कोंडीत उभा असलेला नागरिक मोजतो.

यासाठी काही नियम स्वीकारावे लागतील. जागेचा ताबा आणि आवश्यक परवानग्या हाती आल्याखेरीज भूमिपूजन होऊ नये. तसे झाले तर भूमिपूजनांची संख्या घटेल, पण पूर्ण कामांची वाढेल. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाचा कामांच्या अवलंबित्वासह आराखडा जनतेसमोर असावा, आणि त्यात केवळ खांब व गर्डर नव्हे, तर निर्णय, भूसंपादन, झाडांच्या परवानग्या, जलवाहिन्या व वीजवाहिन्या हलवणे आणि शेवटी मनुष्यबळाची नेमणूक, या प्रत्येकाला पट्टी, तारीख आणि जबाबदार अधिकारी असावा. रस्ता खोदण्याचे सर्व खात्यांचे वेळापत्रक एकत्र बनावे. मुदत सांगताना सर्वांत आशावादी अंदाज सांगून टाळ्या घेण्याऐवजी, पूर्वी अशाच कामांना प्रत्यक्षात किती काळ लागला हे पाहून ती सांगावी. माणूस आपल्या कामाच्या वेळेचा अंदाज सदैव कमीच करतो, ही बाब डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या अभ्यासकांनी १९७९ मध्येच दाखवून दिली आहे. सिडनीचे जगप्रसिद्ध ऑपेरा हाउस ठरलेल्या मुदतीनंतर दहा वर्षांनी, १९७३ मध्ये, पूर्ण झाले. राखीव वेळ ठेवण्यात कमीपणा नाही. मात्र तो प्रत्येकाने आपापल्या कामात लपवून न ठेवता एका ठिकाणी आणि सर्वांच्या देखत राखावा. लोणंदचा मुक्काम तसाच असतो.

यात सामान्य नागरिकाचा आणि समाजात वावरणाऱ्या कार्यकर्त्याचाही वाटा आहे. आजवर सभांतून, प्रभाग कार्यालयांतून, निवेदनांतून एकच प्रश्न विचारला गेला : ‘काम केव्हा पूर्ण होणार?’ या प्रश्नाला तारीख देऊन मोकळे होता येते, आणि तारीख देणे स्वस्त असते. यापुढे प्रश्न बदलावा लागेल. ‘काम आज कोठे अडले आहे? ते सोडवणे कोणाच्या हाती आहे? आणि ते तोवर सुटले नाही तर पुढचे काय काय थांबेल?’ या तीन प्रश्नांना तारखेने उत्तर देता येत नाही. त्यासाठी कामाची साखळी ठाऊक असावी लागते. आपल्या सोसायटीच्या सभेत, गावच्या ग्रामसभेत, संस्थेच्या बैठकीत हे प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर ते महापालिकेत आणि मंत्रालयातही विचारले जातील. आणि जो कार्यकर्ता दुसऱ्याला हे विचारणार, त्याने आपल्या अंगावर घेतलेल्या लहानशा कामाचीही तारीख पाळावयास हवी.

पालखी पुण्यातून निघते तेव्हा दिवे घाट पुढे असतो. चढ आहे म्हणून वारकरी मुक्काम वाढवत नाहीत, आणि लवकर पोहोचावे म्हणून घाटही टाळत नाहीत. चढाचा वेळ त्यांनी आधीच मोजलेला असतो. शहराने आणि राज्याने आपल्या वाटेवरचे घाट असेच आधी मोजावेत. म्हणजे एकादशी चुकणार नाही, आणि पानशेतही पुन्हा घडणार नाही.